मेहुण्याच्या गावचा पेशंट

१२ जून, गुरुवार. खर्च चार हजार सहाशे पन्नास रुपये. त्यात डॉक्टरांची फी, छातीचा फोटो, रक्त आणि थुंकीची तपासणी. हजर चौघं होतो: छातीचे डॉक्टर, कॉम्प्युटरवर बसणारी त्यांची मदतनीस, माझी बायको सुनंदा आणि मी.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि उजवीकडे वरच्या भागावर पेनचं टोक टेकवलं.

"टीबी आहे. साध्या गोळ्यांनी बरा होणारा आहे, मशीनच्या तपासणीत तेही कळलंय. सहा महिने गोळ्या."

मी पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा.

"एक रुपया नाही," ते म्हणाले. "सरकारी गोळ्या घ्या. गोळ्या चांगल्या आहेत, शिवाय तुम्ही त्या खाताय की नाही हे बघणारं माणूस तिकडे आहे. माझ्याकडे नाही."

मदतनीस मुलगी म्हणाली, "काका, पत्ता सांगा. तुमच्या भागातल्या दवाखान्यात नाव जाईल आणि तिथून फोन येईल."

मी तोंड उघडायच्या आत सुनंदाने पत्ता सांगितला. घोटीच्या पुढचं एक गाव, तिच्या भावाचं घर. "सध्या तिकडंच असतो आम्ही, भाताची कामं चालूयेत," ती म्हणाली. मुलीने तसं टाइप केलं. मी सुनंदाकडे पाहिलं, ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी तो दुरुस्त केला नाही. त्या वेळी मला ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

देवाची फुलं

हे कळायला आमचं घर माहीत पाहिजे. नाशिकच्या कडेला, मळे संपून सोसायट्या सुरू होतात तिथे आमचे पंचवीस गुंठे आहेत. झेंडू, शेवंती आणि थोडी गुलछडी. अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा हिशेब बघतो. सकाळी कामावर जाताना वाटेतल्या नऊ ठिकाणी हार आणि सुटी फुलं पोचवतो. हार सुनंदा करते, हाताखाली दोन बायका आहेत.

आमच्या आईने लहानपणीच शिकवलं होतं, देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. वास घेतलेलं फूल उष्टं. टोपलीवर तोंड करून कुणी शिंकलं, तर ती टोपली बाजूला काढून गायीपुढे टाकायची. आजही आमच्याकडे हार करणाऱ्या बाया बोलायचं झालं तर मान वळवून बोलतात.

अशा घरातला माणूस तीन महिने खोकत होता आणि तेच हार गाडीला अडकवून देवळांत पोचवत होता.

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये सुनंदा म्हणाली, "आपल्या भागातलं नाव मंदाच्या हातात जाणार. आशा कार्यकर्तीचं काम तीच करते ना! ती दर गुरुवारी आपल्याकडून हार नेते. तिला कळलं म्हणजे सगळ्या मळ्याला कळलं. मग कोण घेईल आपलं फूल?"

"फुलानं टीबी होत नाही सुनंदा."

"मला माहितीये. पुजाऱ्याला जाऊन सांगा."

मी गाडीला किक मारली.

घरात लहान मूल?

मेहुण्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात टीबीचं काम बघणारे गांगुर्डे नावाचे गृहस्थ होते. चाळिशीचे, आवाज बसलेला, शर्टाच्या खिशात चार पेनं. त्यांनी माझं वजन केलं, चोपन्न किलो. गोळ्यांची पाकिटं दिली आणि पहिली गोळी स्वतःसमोर घ्यायला लावली. "उपाशीपोटी घ्यायची. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. मळमळलं तर मला फोन करायचा. गोळी मात्र थांबवायची नाही."

मग त्यांनी घरातल्या माणसांची नावं विचारली. मी रामदासच्या, म्हणजे माझ्या मेहुण्याच्या घरातली सांगितली: सासूबाई, रामदास, त्याची बायको आणि शाळेत जाणारे दोन मुलगे.

"पाच वर्षांखालचं मूल आहे का घरात? त्यांना आपण आधी तपासतो. आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून गोळ्या देतो."

"नाही," मी म्हणालो.

रामदासच्या घरापुरतं ते उत्तर बरोबर होतं. माझ्या घरात ओवी होती. माझा मुलगा किरण आणि सून प्रतीक्षा यांची मुलगी, वय अडीच वर्षं. ती तोपर्यंत रोज माझ्या कुशीत झोपत आली होती.

आठवड्याने गांगुर्डे मोटारसायकलवर रामदासच्या घरी गेले. सगळ्यांचं वजन केलं, खोकला विचारला आणि सासूबाईंना फोटोसाठी घोटीला नेलं. संध्याकाळी रामदासचा फोन आला. "दाजी, तुमच्यामुळं आमच्या आईचा जन्मात पहिला फोटो निघाला! आन् तोबी बिनतोंडाचा." तो खूप हसला. मीही हसलो आणि खोकलो. त्यांच्या घरात सगळे ठणठणीत निघाले. काम चोख झालं होतं, फक्त ज्या घरात व्हायला हवं होतं तिथे नाही.

अब्रूदार आजार

घरी आणि कारखान्यात आम्ही कावीळ सांगितली. किरण-प्रतीक्षालाही तेच सांगितलं, कारण प्रतीक्षाचं माहेर जवळ आहे आणि माहेरी गोष्टी जातात, असं सुनंदाचं म्हणणं होतं. कावीळ हा अब्रूदार आजार आहे. त्यात माणूस कुणाच्या नजरेतून उतरत नाही. लोक रस पाठवतात. सुरगाण्याकडचा एक सहकारी गावाहून कसलीशी मुळी घेऊन आला आणि "साहेब, हिच्यापुढं डॉक्टरचं काय चालत नाय" म्हणून माझ्या हातात ठेवून गेला. मी त्याचे मनापासून आभार मानले आणि मुळी झेंडूच्या वाफ्यात पुरली.

मी फुलांच्या शेडमध्ये वेगळा झोपू लागलो. ताट-तांब्या वेगळा केला. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. सकाळी गोळ्या पोटात गेल्या की दहापर्यंत नुसती मळमळ, गुडघे दुखायचे, अन्नाचा वास नको व्हायचा. रात्री घामाने बनियन पिळून काढावं लागे. पण महिन्याभरात खोकला कमी झाला आणि वजन एक किलोने वाढलं. गांगुर्डे म्हणाले, "आता तुमच्यापासून कुणाला भीती नाही. गोळ्या चालू ठेवल्या तर." त्या दिवशी मी बसमधून घरी येताना खिडकीशी बसून दोन केळी खाल्ली आणि ती मला गोड लागली. आजारपणात अशा गोष्टी लक्षात राहतात.

माझे चुलते सखारामतात्या यांना मी शाळेत असताना हाच आजार झाला होता. तेव्हा रोज इंजेक्शन असे, दवाखाना तालुक्याला आणि औषध कधी असे, कधी नसे. बरं वाटलं की तात्या उपचार सोडत. तिसऱ्या वेळी औषध लागूच पडलं नाही. त्यानंतर ही सेवा बदलत गेली, पण ते एका दिवसात झालं नाही आणि एका सरकारातही नाही. गोळ्या फुकट झाल्या. मग एकाआड एक दिवस दवाखान्यात जाऊन समोर खायच्या झाल्या, मग रोज घरी. कोणतं औषध चालेल हे आता मशीन सांगतं. खाण्यापिण्यासाठी महिना हजार रुपये पेशंटच्या खात्यात येतात. तात्यांना यातलं निम्मं मिळालं असतं तरी ते माझ्या लग्नात असते.

आठवड्याच्या गोळ्या

सप्टेंबरात मी ठरल्याप्रमाणे महिन्याच्या गोळ्या आणायला गेलो. गांगुर्ड्यांनी कपाट उघडून दाखवलं. वरचे दोन कप्पे रिकामे होते.

"वरून माल आला नाही. सात दिवसांच्या देतो. पुढच्या आठवड्यात या, बहुतेक येईल."

"बहुतेक म्हणजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक, काका. मी खोटं बोलत नाही. बारा जणांना सात-सात वाटू राहिलोय."

मला त्यांचा राग आला नाही. रस्त्याचं काम चालू असलं तरी त्याच रस्त्याने रोज जावं लागतं, तसं पेशंटचं आहे. सेवा सुधारतेय हे खरं, आणि कपाट रिकामं हेही खरं. पुढच्या आठवड्यात परत सात दिवसांच्याच मिळाल्या. अंबडहून रजा, बस, मग जीप, आणि सात दिवसांच्या गोळ्या. गांगुर्डे म्हणाले, "तुमचं नाशिकला कुणी असेल तर तिकडे बदली करून घ्या. शहरात दर आठवड्याला जाणं तरी सोपं."

माझं सगळं नाशिकलाच होतं, ते त्यांना कसं सांगणार?

"मला कावीळ नाही"

त्याच दिवसांत ओवीला ताप यायला लागला. संध्याकाळी अंग कोमट, सकाळी बरी. जेवण कमी झालं. मानेला उजव्या बाजूला बोराएवढी गाठ हाताला लागे. प्रतीक्षा तिला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तापाचं औषध झालं, दुसरं औषध झालं, ताप काही जाईना. दुसऱ्यांदा जाऊन आली तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो आणि सुनंदा शेवंती निवडत होती.

प्रतीक्षा चप्पल काढत म्हणाली, "डॉक्टर विचारत होते, घरात कुणाला टीबी आहे का? मी म्हटलं, छे! आण्णांना नुसती कावीळ झालीय, तीबी बरी होत आली."

सुनंदाचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून.

ओवीने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. ते गरम होतं.

"प्रतीक्षा, मला कावीळ नाही," मी म्हणालो. "टीबी आहे. जूनपासून."

ती खाली बसली. मग तिने एकच विचारलं, "अजून कुणाला माहितीये?"

"तुझ्या मामेसासऱ्यांना. तिथल्या पत्त्यावर नाव आहे."

"म्हणून ते फोनवर हसू राहिले होते, आमची सगळ्यांची तपासणी झाली म्हणून?" तिचा आवाज वर गेला. "त्यांच्या घरात म्हशीशिवाय सगळ्यांची झाली, मम्मी! त्या थोराड पोरांची झाली. आन् माझ्या पोरीची नाही?"

सुनंदा म्हणाली, "अगं, हळू बोल, बाया आहेत शेडमध्ये."

"बायांना ऐकू द्या."

तिने ओवीला कडेवर घेतलं आणि तशीच अनवाणी फाटकाबाहेर पडली. दुपारची वेळ, गल्लीत माणसं होती. ती सरळ मंदाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "मंदाताई, आमच्या आण्णांना टीबी आहे. ओवीला बघा."

मंदा

अर्ध्या तासात मंदा आमच्या ओट्यावर होती. बाई मूळची तोंडाळ आहे. तिने पाणी घेतलं नाही.

"घोटी?" ती म्हणाली. "माझं घर आठव्या दारावर, आन् तुम्ही घोटीच्या पुढं गेले? मी काय पाप केलं होतं, आण्णा?"

सुनंदा म्हणाली, "मंदा, तसं नाही गं. आमचा धंदा फुलांचा. फुलाला बोल लागायला वेळ लागत नाही."

"वहिनी, या गल्लीत आन् मागच्या गल्लीत मिळून टीबीचे तीन पेशंट आहेत. दोन बरे होऊन गेले, एक चालू आहे. सांगा बरं एकाचं तरी नाव."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला एकही नाव सांगता आलं नाही. आमचा जन्म त्या गल्लीत गेला होता.

"नाही ना माहीत? मग मी बोलते कुणाला?" मंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भांडणाचाच होता. "चला, आधार कार्ड काढा. पोरीला आज दाखवायचं. उद्या नाही."

त्याच दिवशी माझं नाव आमच्या भागातल्या दवाखान्यात बदलून घ्यायचं काम सुरू झालं. माझ्याकडे दोन दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या, त्या संपायच्या आत नव्या मिळाल्या. इथेही साठा आठवड्याचाच होता. पण मंदा दर सोमवारी जाऊन रांगेत उभी राहायची आणि गोळ्या आणून द्यायची, देताना दर वेळी काहीतरी टोचून बोलायची.

मुलांचा वॉर्ड

लहान मुलांना थुंकी काढता येत नाही. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी घेतात. त्यासाठी ओवीला मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. प्रतीक्षाने तिचे हात धरले आणि सिस्टरने नळी घातली. मी दाराबाहेर होतो. आत ओवी मला "आब्बा, आब्बा" म्हणून हाका मारत होती. तिला वाटत असावं, मी सोडवीन.

शेजारच्या खाटेवर सुरगाण्याची एक बाई मुलाला घेऊन होती. ती आणि तिचा नवरा द्राक्षाच्या कामाला आले होते. ती ओवीकडे बघून म्हणाली, "तुमची पोर शहरातली, तरी तिला झाला? आमाला वाटं, हा आजार आमच्या डोंगरातलाच हाय." मग तिने नागलीची अर्धी भाकर प्रतीक्षापुढे केली. प्रतीक्षाने आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. तिने ती घेतली. घरून मी नेलेला डबा मात्र तिने उघडला नाही.

दोन दिवसांनी निकाल आला. ओवीला टीबी होता. गाठीचा, आणि फुप्फुसात थोडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर सापडलाय म्हणता येणार नाही, पण उशीरही झालेला नाही. जूनमध्ये तपासलं असतं तर कदाचित नुसत्या प्रतिबंधाच्या गोळ्यांवर भागलं असतं." त्यांनी ते सहज सांगितलं, कुणाला दोष द्यायला नाही. प्रतीक्षा माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

एवढी सगळी व्यवस्था आमच्या दारापर्यंत आली होती. दार कुठलं, हेच आम्ही खोटं सांगितलं होतं.

त्यानंतर

सुनंदाची भीती अगदीच खोटी नव्हती. नऊ गिऱ्हाइकांपैकी दोघांनी फुलं बंद केली. एक म्हणाला, "आण्णा, सध्या माल जास्त होऊ राहिलाय." दुसरा शटर अर्धं ओढून आत गेला. सात चालू राहिले. त्यांतल्या एका पुजारीबुवांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "गोळ्या कुठं मिळतात? आमच्या मोठ्या भावाला दोन महिने खोकला आहे." मी मंदाचं घर दाखवलं.

माझा कोर्स डिसेंबरात संपला. वजन एकोणसाठ. ओवीचा तेव्हा अर्ध्यावर आला होता. तिच्या गोळ्या पाण्यात विरघळतात, त्यांना फळासारखा वास असतो. प्रतीक्षा रोज सकाळी चमच्याने पाजायची आणि त्या वेळी स्वयंपाकघरात दुसरं कुणी आलेलं तिला चालत नसे. सुनंदाशी ती कामापुरतं बोलते. माझ्याशी थोडं जास्त. किरण मध्ये पडला तर दोघी मिळून त्याला गप्प करतात, एवढीच त्यांची एकी. फेब्रुवारीत गाठ हाताला लागेनाशी झाली. तरी ओवी रात्री खोकली की घरातले चारही दिवे लागतात.

ज्यांच्या घरी हा आजार आला असेल त्यांना मला एवढंच सांगायचं आहे: नाव जिथे राहता तिथेच लावा, आणि घरातल्या लहान मुलाचं नाव सगळ्यांत आधी सांगा.

आता हिशेब. खाजगी डॉक्टरांना जूनमध्ये दिलेले चार हजार सहाशे पन्नास. मुलांच्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानात मिळून दोन हजार तीनशे. सरकारी दवाखान्यांना काही नाही. पोषण आहाराचे माझे सहा हजार उशिरा का होईना, माझ्या खात्यात आले.

पेशंटला शेवटपर्यंत गोळ्या देणाऱ्या माणसाला सरकार एक हजार रुपये मानधन देतं. माझे ते हजार रामदासच्या गावच्या आशाताईंच्या खात्यात गेले, कारण सुरुवातीला त्यांचं नाव लागलं होतं. त्यांनी मला दोनदा पाहिलं होतं. मी तेवढी रक्कम घेऊन मंदाकडे गेलो. ती म्हणाली, "तुमच्याकडनं घेतले तर मी तुमची मजूर झाले. ठेवा खिशात. मी अर्ज केलाय, दुरुस्त होईल तेव्हा होईल." अजून झालेलं नाही.

दुसरं मानधन गेल्या महिन्यात निघालं. गोळ्या पूर्ण झाल्या, पेशंट बरा झाला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं की मगच ते निघतं. एक हजार रुपये, जमा मंदाच्या खात्यात. पेशंटचं नाव ओवी, वय तीन वर्षं, पत्ता आमच्या घरचा.